दिड्डम, भोंगा आणि चार हुतात्मे

१२ जानेवारीला सकाळी पार्क चौकाजवळच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, आणि त्याच सुमारास जुन्या गावठाणात सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या सजत असतात. सोलापूरचा अभिमान हा असा एका आठवड्यात उतू जातो. बाहेरच्याला वाटतं, एक देवाचं आणि एक देशाचं, दोन वेगळी कामं. इथल्या माणसाला ती वेगळी वाटत नाहीत. असं का, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी नावाचा घोळ. सोळा गावं मिळून सोलापूर झालं, हे आम्ही शाळेत घोकलं. गावांची यादीही मिळते. पण बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर, म्हणजे आमचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, इथे राहिले तेव्हा गावाचं नाव सोन्नलगे किंवा सोन्नलिगे असं होतं, आणि सोलापूर हे त्याचंच झिजलेलं रूप असावं, असं अभ्यासकांना वाटतं. मलाही तेच पटतं. सोळा आकडा ऐकायला गोड आहे, इतकंच.

सिद्धराम हे बसवण्णा आणि अल्लमप्रभूंच्या काळातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांनी तळं खोदवलं आणि गावाच्या परिसरात ६८ लिंगं स्थापली. तळं बांधणारा माणूस ग्रामदैवत व्हावा, याचं पाण्यासाठी तरसलेल्या या मुलखात नवल नाही. यात्रेमागची कथा अशी : एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. ते बैरागी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं. दरवर्षी संक्रांतीच्या तोंडावर हेच लग्न पुन्हा लागतं. ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, मग तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता, पुढे होम आणि शोभेचं दारूकाम. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच नंदीध्वज कमरेवर तोलून चालतात. मानाच्या सात नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ म्हणत लाखभर हात एकदम अक्षता टाकतात, तेव्हा दिड्डमचा अर्थ विचारायला कोणी थांबत नाही. घरी मराठी बोलणाराही तितक्याच जोरात ओरडतो.

म्हणजे सोलापूर मुळात कानडीच, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा शिलालेख आहे आणि त्याच्या शेवटी मराठी ओळ आहे. आशय असा की, जो हे वाचेल तो विजयी होईल. मराठीच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत तो मोजला जातो. सिद्धरामांच्याही आधीची ही मराठी, आणि ती ज्या गावात सापडली त्या गावाचं नाव मात्र कानडी वळणाचं!

तिसरी भाषा, तेलुगू, आली ती हातमागासह. तेलंगणातले पद्मशाली विणकर दुष्काळामुळे आणि कामाच्या शोधात इथे येत राहिले आणि शहराचा ‘पूर्व भाग’ त्यांनी वसवला. १८६०मध्ये रेल्वे आली होती. आसपास कापूस होता, आणि दुष्काळाने उठलेली माणसं मजुरीला मिळत होती. १८७७च्या सुमारास सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. तीच आमची जुनी गिरणी. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गाव भोंग्यावर उठू लागलं. घड्याळ नसलेल्या घरातही ‘दुसरा भोंगा झाला का’ हा प्रश्न असे. हातमागावर आधी लुगडी निघायची. जकार्डवर विणलेली चादर पुढे यंत्रमागांच्या काळात नावारूपाला आली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतोच. खुद्द इथले कारखानदारही आता चादरीपेक्षा टॉवेल जास्त काढतात. पाहुण्याला मात्र चादरच द्यायची, हा शिरस्ता कायम आहे.

गिरणगावाचा हा दारूगोळा १९३०मध्ये पेटला. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस होते आणि नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला, दारू ज्यांच्यापासून निघते ती शिंदीची झाडं तोडायला लोक गेले. धरपकड झाली, जमाव चिडला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. पुढे मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि कोर्ट जळलं, पोलीसही मारले गेले. मग पोलीस माघारी गेले, अधिकारी आणि त्यांचे कुटुंबकबिले स्टेशनाकडे सरकले आणि स्वयंसेवक रस्त्यावरची रहदारी सांभाळू लागले. ९, १० आणि ११ मे. ‘आम्ही तीन दिवस स्वतंत्र होतो’ असं सोलापूरकर म्हणतो ते हे दिवस. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. खादीची टोपी घालणं किंवा हातात झेंडा धरणंही तेव्हा महागात पडत होतं. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारा, जेमतेम विशीचा कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले.

ही चार आडनावं एका दमात म्हणून पाहा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. गावातल्या पेठाच एका ओळीत उभ्या राहतात. हे कोणी ठरवून निवडलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त बोलकं आहे.

अभिमानाला धारही असते. २००४मध्ये एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं, तेव्हापासून नावावरून ओढाताण चालली. सिद्धेश्वरांचं द्यावं की अहिल्यादेवींचं? २०१९मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लागलं. २०२२मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला, तेव्हा कानडी घरांतही वादावादी झाली. दुसरीकडे, चीनमध्ये सैनिकांवर उपचार करता करता १९४२मध्ये गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी स्मारक आहे, पण चिनी पाहुणे जितक्या ओढीने तिथे येतात तितक्या ओढीने आम्ही जात नाही, हे कबूल करायला हवं.

गिरण्या आता नाहीत. जुनी गिरणी साठीच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. भोंगा थांबला, पण त्याच्या तालावर वाढलेली बोली राहिली. पूर्व भागातला तेलुगू पोरगा, बाळीवेशीतला कानडी पोरगा आणि विजापूर वेशीतला मुसलमान पोरगा होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, पाळण्याखाली भेटले की एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : ‘काय करलालास बे?’