टाकीचा सांडवा

फिश टँकमध्ये पाणी वर चढवायला एक पंप, खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत, उतरवायला दुसरा. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही ताशी 2000 लिटरचे. मग पातळी हलेलच कशाला? फिश टँकचा नवा नाद लागलेल्या माणसाला हा बेत हमखास सुचतो.

पण दोन पंप तंतोतंत सारखे कधीच नसतात. एकाच्या जाळीत शेवाळ अडकलं आणि एक टक्क्याचा फरक पडला, तरी तो ताशी 20 लिटर होतो. 120 बाय 45 सेंटिमीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 5.4 लिटर. तासाला पावणेचार सेंटिमीटर पातळी सरकणार. पहाटेपर्यंत एकतर हॉलमध्ये तळं, नाहीतर सम्पमधला पंप कोरडा.

म्हणून उतरणारं पाणी पंपाने ओढायचं नाही, काठावरून सांडू द्यायचं. पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी ओसंडतं, तेही याच नियमाने. पाणी जास्त आलं की काठावरचा थर जाड होतो, थर जाड झाला की जास्त सांडतं, आणि कुठेतरी आवक-जावक आपोआप जुळते.

गंमत आहे ती या नियमाच्या घातांकात. काठावरून सांडणारं पाणी थराच्या जाडीच्या दीड घाताने वाढतं. 30 सेंटिमीटर रुंदीच्या काठावरून ताशी 2000 लिटर सांडायला साधारण एक सेंटिमीटरचा थर लागतो. पंप दुपटीचा लावला तर थर 1.6 सेंटिमीटर होतो, म्हणजे फक्त 6 मिलिमीटरची वाढ! (काठाला मासे अडवणारी कंगव्यासारखी जाळी असेल तर रुंदी घटते, थर थोडा वाढतो.)

काठ इतका समजूतदार, पण सांडलेलं पाणी त्याखालून सम्पमध्ये नेणारा पाइप नाही. पाइप तोंडापर्यंत भरला की सायफन सुरू होतो, म्हणजे भरलेला पाइप स्वतःच पाणी खाली ओढू लागतो, आणि मग प्रवाह ठरतो तो टाकीपासून सम्पपर्यंतच्या एकूण उंचीच्या वर्गमुळावर. ही उंची 80 सेंटिमीटर धरा. वरची पातळी एक सेंटिमीटरने वाढली तर प्रवाह वाढतो जेमतेम 0.6 टक्के. पातळी काय म्हणते ते भरलेल्या पाइपला ऐकूच येत नाही. एक इंची पाइपमधून घर्षण सोडून ताशी 7000 लिटर जायला हवेत. एल्बो (पाइपचे वळणाचे जोड) आणि घर्षण त्यातलं निम्मं खातात, तरी उरतात ते पंपापेक्षा जास्तच. मग पाइप पाणी भराभर ओढतो, पातळी तोंडाखाली जाते, हवा शिरते, सायफन तुटतो, पुन्हा पाणी भरतं. दर मिनिट-दोन मिनिटांनी संडासाच्या टाकीसारखा घोट!

जाणकार यावर दोन पाइप लावतात. मुख्य पाइपला व्हॉल्व्ह लावून त्याचा प्रवाह पंपापेक्षा किंचित कमी ठेवायचा; उरलेली बारीक धार थोड्या उंचीवरच्या दुसऱ्या पाइपच्या काठावरून सांडते. ओझं पहिला वाहतो, पातळी दुसरा सांभाळतो. वर पाने-शेवाळाने मुख्य पाइप तुंबलाच तर सगळं पाणी दुसऱ्यातून जाऊ शकतं. पण त्याला व्हॉल्व्ह बसवायचा नाही. आणि पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी वर चढवताना तो बराच घसरतो.

 

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबला की काठावरचा थर तर उतरतोच, पण पाणी चढवणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोही उलटा सायफन होतो. तोंड काठाच्या 5 सेंटिमीटर खाली असेल तर थराशिवाय आणखी 27 लिटर पाणी खाली येणार, तेवढी सगळी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. त्या पाइपला पाण्याच्या पृष्ठभागालगत छोटं भोक पाडलं की तिथून हवा शिरून सायफन तुटतो. मात्र शेवाळाचा एखादा धागा किंवा गोगलगाय ते भोक बुजवू शकते, म्हणून अधूनमधून काडीने टोकरून मोकळं करावं आणि दिवसाढवळ्या, स्वतः समोर उभं राहून, एकदा पंपाचा स्विच बंद करून पाहावा.