सर्व्हर बंद पडल्यावरही चाललेला खेळ

१५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्स या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राची, ऑनलाइन सेवा बंद केली. तारीख आधीच जाहीर झाली होती आणि त्या दिवसापासून नव्याने कुणालाही आत जाता येईना. पण 'हेलो २' या खेळात जे आधीच शिरलेले होते, त्यांतले मूठभर जण खेळतच राहिले. त्यांनी कन्सोल बंदच केलं नाही. मग एकेक गडी बाद होत गेला. कुणाचं यंत्र अडकलं, कुणाची जोडणी तुटली. शेवटचा गडी बाहेर पडला तेव्हा मे महिन्याचे जवळजवळ दहा दिवस उलटले होते.

एप्रिल २०२४ मध्ये असंच पुन्हा घडलं. निन्टेन्डोने ८ एप्रिलला थ्रीडीएस आणि वी यू या दोन्ही कन्सोलांवरचा ऑनलाइन खेळ थांबवला, आणि काही चिवट मंडळी त्यानंतरही कित्येक दिवस आत बसून होती.

'सर्व्हर बंद' अशी बातमी आली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. कंपनीच्या कुठल्याशा थंडगार खोलीत एक मोठं यंत्र आहे, खेळ त्यावर चालतो आणि आपल्या हातातलं कन्सोल म्हणजे नुसती खिडकी. तसं असतं तर वरचे लोक कंपनीने बटण दाबताच बाहेर फेकले गेले असते. काही खेळ खरोखर तसे असतातही, त्यांच्याकडे नंतर येऊ. पण 'हेलो २' किंवा 'मारिओ कार्ट ७' सारख्या खेळांत सामना चालतो तो खेळाडूंच्याच कन्सोलांवर. 'हेलो २' मध्ये खेळाडूंपैकी एकाचं एक्सबॉक्स होस्ट होतं. बाकीचे आपापली बटणं त्याला कळवतात, गोळी कुणाला लागली हे ते ठरवतं आणि सगळ्यांना सांगतं. कंपनीचा सर्व्हर यात फक्त मध्यस्थ. तो तुमचं खातं तपासतो, खेळायला कोण मोकळं आहे ते बघतो आणि दोघांना एकमेकांचा पत्ता देऊन बाजूला होतो.

पत्ता देणं हे किरकोळ काम वाटेल. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत देखणा भाग तोच आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे असतात. म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी. हे पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच कळून चुकलं होतं. १९९४ साली त्यावर 'नॅट' नावाचा उपाय मांडला गेला, आणि तोही तात्पुरता म्हणून. तो तात्पुरता उपाय आज तिशी ओलांडून गेला तरी घरोघरी नांदतोय. त्यात घरातल्या यंत्रांना खासगी पत्ते मिळतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हे पत्ते घराबाहेर निरुपयोगी, कारण जगातल्या असंख्य घरांत हाच पत्ता असतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच पत्ता.

मग आत दोन फोन, एक लॅपटॉप आणि एक कन्सोल असताना बाहेरून आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, कुणाचं, हे राउटरला कसं कळतं? तो नोंद ठेवतो. कन्सोलने १९२.१६८.१.५ या पत्त्याच्या ३०७४ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचं क्रमांक दिलेलं दार) काही पाठवलं की राउटर त्यावर स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा एखादा पोर्ट, समजा ५०१२३, असं लिहून ते पुढे ढकलतो आणि ही जोडी लक्षात ठेवतो. उत्तर ५०१२३ वर आलं की ते कन्सोलकडे वळवतो. ज्याची नोंद नाही असं काही बाहेरून आलं तर केराची टोपली. सोसायटीच्या गेटवरचा कडक वॉचमन जसा 'आतून कुणी तुम्हाला बोलावलंय का?' असं विचारतो आणि नाव वहीत नसेल तर हुसकावून लावतो, तसंच.

आता पेच बघा. अ ओसाकात आहे, ब टोरांटोत. दोघेही आपापल्या राउटरच्या मागे. अ ने ब ला पॅकेट पाठवलं तर ब चा राउटर ते फेकून देणार, कारण ब ने अ ला कधी काही पाठवलेलंच नाही. उलट दिशेनेही तेच. पहिलं पाऊल कुणीही टाकलं तरी दार बंदच. शिवाय समोरच्याच्या राउटरने कुठला पोर्ट दिलाय हे दोघांनाही ठाऊक नाही. ते तर स्वतःच्या कन्सोललासुद्धा ठाऊक नसतं!

इथे मध्यस्थ लागतो. दोघेही आधी सर्व्हरशी बोलतात. सर्व्हरशी बोलायला अडचण नाही, कारण त्याचा पत्ता उघडा असतो आणि सुरुवात आतून होते. सर्व्हरला येणाऱ्या पॅकेटवर राउटरचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट लिहिलेला दिसतो. तो अ चा पत्ता ब ला आणि ब चा अ ला सांगतो आणि म्हणतो, आता दोघेही एकमेकांना पाठवा. अ चं पहिलं पॅकेट निघतं. ते ब च्या दारावर पोचून बहुधा वाया जातं. पण वाया जाता जाता ते एक काम करून गेलेलं असतं: अ च्या स्वतःच्या राउटरमध्ये 'आपण ब ला पाठवलंय' अशी नोंद झालेली असते. त्यामुळे ब चं पॅकेट येतं तेव्हा अ च्या राउटरला ते उत्तर वाटतं आणि तो बिनतक्रार आत सोडतो. पलीकडेही तेच घडलेलं असतं. दोन्ही भिंतींना आतून भोक पडलं, मध्यस्थाची गरज संपली. म्हणूनच या युक्तीला 'होल पंचिंग' म्हणतात. ज्या पॅकेटच्या नशिबी फेकलं जाणंच आहे ते मुद्दाम पाठवायचं, ही कल्पना मला फार आवडते.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ब्रायन फोर्ड, प्यदा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांनी २००५ साली वेगवेगळ्या बनावटीच्या नॅटवर मिळालेले चाचण्यांचे निकाल मांडले. पॅकेटं पाठवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत: यूडीपी, ज्यात पोच न मागता पाठवतात, आणि टीसीपी, ज्यात पोच घेतात. यूडीपीसाठी सुमारे ८२ टक्के नॅटवर ती चालली, टीसीपीसाठी सुमारे ६४ टक्क्यांवर. अडतं ते 'सिमेट्रिक' नॅटपाशी. असा राउटर प्रत्येक नव्या गंतव्यासाठी नवा पोर्ट काढतो. म्हणजे सर्व्हरशी बोलताना ५०१२३ आणि ब शी बोलताना, समजा, ६१००७. सर्व्हरने ब ला सांगितलेला ५०१२३ मग कुचकामी ठरतो. एका बाजूला सिमेट्रिक आणि दुसऱ्या बाजूला पत्त्यासोबत पोर्टही तपासणारं नॅट असेल, तर पुढचा पोर्ट कुठला येईल याचा अंदाज बांधणं किंवा सगळी वाहतूक तिसऱ्या यंत्रामार्फत वळवणं एवढंच हाती उरतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्लेस्टेशन जोडलं की नेटवर्क चाचणीत 'नॅट टाइप ३' (सर्वांत अडवणारा प्रकार) का दिसतं, हा प्रश्न आपल्याकडे पोरं नेहमी विचारतात. त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. तुमच्या राउटरच्या वर मोबाइल कंपनीचंही एक नॅट बसलेलं असतं. 'अमुक डीएनएस टाका, नॅट उघडेल' असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मंतरलेला ताईत बांधा म्हणण्यासारखंच ते. डीएनएस ही सेवा सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देते, नॅटच्या नोंदींशी तिचं काही देणंघेणं नाही.

नोंदी कायमच्या नसतात. यूडीपीची नोंद निदान २ मिनिटं तरी टिकवावी असा संकेत आहे, पण अनेक राउटर त्याआधीच ती पुसतात. म्हणून खेळ चालू असताना कन्सोल सतत काही ना काही पाठवत राहतं. 'हेलो २' वाल्यांनी कन्सोल बंद का केलं नाही, हे आता कळेल. पॅकेटं वाहती होती तोवर भोकं उघडी होती. एकदा बंद पडलं की नोंदी पुसल्या जाणार आणि नव्या पत्त्यांची ओळख करून द्यायला मध्यस्थ उरलेला नाही.

मध्यस्थच गेलाय, तर नवा आणता येईल का? येतो, आणि स्वयंसेवकांनी आणलाही. निन्टेन्डो डीएस आणि वी यांची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी थांबली. तिच्या मागे गेमस्पाय या दुसऱ्याच कंपनीची यंत्रणा होती आणि तीही त्याच महिनाअखेरीस बंद झाली. त्याच वर्षी 'वीमफी' नावाचा पर्यायी सर्व्हर उभा राहिला. थ्रीडीएस आणि वी यू साठी 'प्रेटेन्डो' हा प्रकल्प आहे. या दोन कन्सोलांची भाषा मॉन्ट्रियलच्या क्वाझल या कंपनीच्या तंत्रावर बेतलेली. ती उलगडायची तर खरा सर्व्हर काय बोलतो ते ऐकायला हवं, आणि ते तो जिवंत असतानाच. त्यामुळे बंद होण्याआधीच्या महिन्यांत प्रेटेन्डोवाले लोकांना सांगत होते की खेळताना होणारी देवाणघेवाण नोंदवून आमच्याकडे पाठवा.

कन्सोलला नव्या सर्व्हरकडे वळवायला मात्र डीएनएस खरंच उपयोगी पडतं. कन्सोल 'निन्टेन्डोचा सर्व्हर कुठे आहे?' असं विचारतं आणि तुमचं डीएनएस स्वयंसेवकांचा पत्ता सांगतं. पुढे कुलूप लागतं ते प्रमाणपत्राचं. समोरच्याकडे निन्टेन्डोच्या सहीचं प्रमाणपत्र आहे का, हे कन्सोल तपासतं, आणि ती सही खोटी करता येत नाही. डीएसमध्ये इथे एक मजेदार चूक राहून गेली होती. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याकडे निन्टेन्डोने सही केलेलं प्रमाणपत्र आहे का, एवढंच ते बघतं. त्या मधल्या माणसाला इतरांच्या कागदावर सह्या करायचा अधिकार आहे का, हे बघतच नाही. वी कन्सोलमध्ये निन्टेन्डोच्या सहीचं एक साधं प्रमाणपत्र त्याच्या गुप्त किल्लीसकट ठेवलेलं होतं. ते बाहेर काढून त्या किल्लीने नव्या प्रमाणपत्रावर सही केली की डीएस हे नवं प्रमाणपत्र निमूट मान्य करतं. वी यू मध्येही तपासणीतली एक उणीव सापडली आणि नुसतं डीएनएस बदलून काम भागतं. थ्रीडीएसवर तसं जमत नाही, तिथे कन्सोलचं सॉफ्टवेअरच बदलावं लागतं.

कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण सर्व्हर चालू ठेवणं म्हणजे नुसतं विजेचं बिल भरणं नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये निन्टेन्डोच्या अनेक खेळांत वापरलेल्या नेटवर्क कोडातली एक खोट जाहीर झाली. खास रचलेलं पॅकेट पाठवून समोरच्या खेळाडूच्या कन्सोलवर हवा तो कोड चालवता येत होता. कन्सोलं थेट एकमेकांशी बोलतात त्याची ही दुसरी बाजू: मध्ये कुणी नसतो, म्हणजे अडवणाराही कुणी नसतो. 'मारिओ कार्ट ७' ला त्यासाठी दहा वर्षांनी दुरुस्ती मिळाली. वी यू वरचे 'मारिओ कार्ट ८' आणि 'स्प्लाटून' मार्च २०२३ पासून काही महिने ऑनलाइन बंदच ठेवावे लागले. विकून झालेल्या खेळासाठी अशी माणसं किती वर्षं कामाला लावायची?

तरीही माझी तक्रार राहतेच, ती वेगळ्या खेळांबद्दल. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. एकट्याने चालवायची मोहीमसुद्धा सर्व्हरशिवाय सुरू होत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर गेले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क हातात असून खेळ शून्य. इथे कन्सोल चालू ठेवून चिकटून राहण्याचा प्रश्नच नव्हता. मध्यस्थाची नक्कल करणं एक, आणि खेळाचं अर्धं डोकंच कंपनीकडे ठेवलेलं असताना ते पुन्हा घडवणं दुसरं. यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

मध्यंतरी ब्लॉकचेनवाल्यांनी (ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर जपलेली, सहसा न बदलता येणारी नोंदींची साखळी) यावर रामबाण उपाय असल्याचा गाजावाजा केला होता. खेळातली गाडी एनएफटी म्हणून, म्हणजे त्या साखळीतल्या मालकीच्या नोंदीच्या रूपात, घ्या, ती कायमची तुमची. 'एफवन डेल्टा टाइम' नावाच्या खेळातली एक गाडी २०१९ साली एक लाख डॉलरच्या वर गेली होती. फॉर्म्युला वनचा परवाना संपला आणि मार्च २०२२ मध्ये खेळच बंद झाला. मालकीची नोंद साखळीत शाबूत आहे, गाडी चालवायला रस्ता नाही.

कुणाच्या कपाटात अजून थ्रीडीएस पडून असेल तर एवढं बघून ठेवा. त्याचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजीच विक्रीसाठी बंद झालं. मात्र आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय त्यानंतरही चालू राहील असं निन्टेन्डोने सांगितलं होतं, आणि ती किती काळ, हे सांगितलेलं नाही. खेळात पकडलेले पोकेमॉन साठवायची 'पोकेमॉन बँक' ही सेवाही २०२४ च्या बंदीतून वगळली गेली आणि ती आता फुकट आहे. जुने पोकेमॉन 'पोकेमॉन होम' या नव्या साठवण सेवेत हलवायचे तर तिथूनच जावं लागतं. ज्यांनी ते ॲप दुकान चालू असताना घेऊन ठेवलं होतं त्यांनाच ते मिळतं.