सातबाऱ्यावरील साळीची नोंद आणि उपग्रहाचा नकाशा : पात्रता, प्रक्रिया व कागदपत्रे

मराठवाड्यात साळीचे, म्हणजे भाताचे, क्षेत्र थोडे आहे, आणि थोडे असल्यामुळेच ते कागदावरून लवकर निसटते. किनवट-माहूर भागात नाल्याकाठी आणि तळ्याखाली रोवणीचे, म्हणजे रोपे लावून घेतलेले, धान असते, तर नांदेड-परभणीच्या काळ्या रानात काही शेतकरी तिफणीने साळ पेरतात. चहूबाजूंनी सोयाबीन आणि कापूस असताना मध्येच हा वीस-पंचवीस आरांचा तुकडा असतो. भाताखालील क्षेत्राचा अंदाज आता उपग्रहाच्या प्रतिमांवरूनही काढला जातो आणि नवी दिल्लीचे महालनोबिस राष्ट्रीय पीक पूर्वानुमान केंद्र हे काम करते. तरीही तुमच्या गटात यंदा साळ होती, हे शासनदरबारी सिद्ध करणारी मुख्य नोंद गाव नमुना बाराचीच, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या भागाचीच, आहे, आणि ती वेळेत करणे आपल्या हातात आहे.

पीक पाहणीची नोंद करण्याचा अधिकार खातेदाराला आहे. सामाईक खात्यात प्रत्येक सहखातेदार आपल्या वहिवाटीतील क्षेत्राची स्वतंत्र नोंद करू शकतो आणि अज्ञान, म्हणजे वयाने लहान, खातेदाराच्या वतीने पालक नोंद करतो. राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल अॅपवर स्वतः करायच्या पीकनोंदीसाठी, तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, कोणतेही कागद जमा करावे लागत नाहीत. खाते क्रमांक किंवा गट क्रमांक आणि संकेतांक येईल असा मोबाइल जवळ असला की पुरे. अॅपमध्ये जिल्हा, तालुका, गाव आणि खातेदार निवडल्यावर हंगाम, निर्भेळ की मिश्र पीक, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक भरायचा, अक्षांश-रेखांश घ्यायचे, उभ्या पिकाची छायाचित्रे काढायची आणि शेवटी स्वयंघोषणा मान्य करायची. हंगामाच्या तारखा दरवेळी जाहीर होतात. मुदतवाढ मिळेलच असे धरून चालू नये.

छायाचित्राच्या बाबतीत मात्र घाई नको. गटाच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत असल्याशिवाय अॅप छायाचित्र घेत नाही. पण नाल्याकाठचा अरुंद तुकडा असेल, तर शेजारच्या सोयाबीनमध्ये उभे राहूनही ती अट पूर्ण होते आणि छायाचित्रात साळीच्या मागे परके रान येते. म्हणून चिखल असला तरी बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या वाफ्यात, उतरावे, पिकाच्या मध्यभागी उभे राहावे, स्थान स्थिर होईपर्यंत थांबावे आणि ओंब्या किंवा चूड (भाताच्या रोपांचा झुपका) स्पष्ट दिसेल असे छायाचित्र घ्यावे. त्याच जागेची उद्या उपग्रहाच्या नकाशाशी तुलना होऊ शकते.

ही तुलना कशी होते, हे समजून घेतल्यास हरकत घेणे सोपे जाते. खरिपात आकाश ढगाळ असते, त्यामुळे रंग टिपणारे कॅमेरे बरेच दिवस निरुपयोगी ठरतात. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाचे रडार मात्र ढगांतून आरपार पाहते. चिखलणी करून पाणी साठवलेली बांदी रडारला काळी दिसते, कारण शांत पाण्यावरून लहरी परत फिरत नाहीत, आणि रोप वाढू लागले की तीच जागा आठवड्यागणिक उजळत जाते. काळे आणि मग उजळ, हा क्रम म्हणजे भाताची ओळख. आता तिफणीने पेरलेल्या साळीचा विचार करा: तिथे पाणी साचतच नाही, म्हणून हा क्रमही नाही, आणि नकाशा त्या रानाला सहज सोयाबीन किंवा ज्वारी ठरवू शकतो. शिवाय आपल्या चुनखडीच्या जमिनीत पेरसाळीला लोह कमी पडून पाने पिवळी पडतात; हिरवेपणावर चालणारा अंदाज अशा पिकाला प्रत्यक्षापेक्षा कमजोर दाखवतो. मराठवाड्यापुरता हा सर्वांत मोठा धोका आहे असे मला वाटते.

क्षेत्राचाही हिशेब पाहावा. सेंटिनेल-2 या कॅमेरा असलेल्या युरोपीय उपग्रहाच्या दृश्य प्रतिमेतील एक चौकोन 10 मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर 1 आर. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा 30 मीटरचा चौकोन 9 आरांचा होतो. वीस आरांच्या लांबट तुकड्यात बांध, झाडे आणि शेजारचे पीक मिसळलेले चौकोनच अधिक असतात, त्यामुळे दोन वर्षांच्या नकाशांत चार-पाच आरांची घट दिसली म्हणून साळ कमी झाली असे लगेच मानता येत नाही. या दोन्ही उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. गावातील शिकलेल्या मुलाने आपल्या गटाची जून ते नोव्हेंबरची प्रतिमांची मालिका काढून ठेवली, तर ती पुरवणी पुरावा म्हणून जोडता येते.

नोंद आणि नकाशा यांत तफावत दाखवली गेली, किंवा सातबाऱ्यावर साळीऐवजी दुसरे पीक लागले, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची एक प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्याला द्यावी. अर्जात गट क्रमांक, हंगाम, पिकाखालील क्षेत्र आणि पीक रोवणीचे की पेरणीचे, हे स्वच्छ लिहावे. सोबत चालू सातबारा व आठ अ (खाते उतारा), शेतकरी ओळख क्रमांक, आधारची प्रत, बियाणे खरेदीची पावती, अॅपमधील नोंदीची व छायाचित्राची प्रत आणि लगतच्या दोन खातेदारांचे जबाब जोडावेत. स्थळपाहणी व पंचनाम्याची मागणी पीक उभे असतानाच करावी. कापणीनंतर धसकटांवरून वाद मिटत नाही. अर्जाची पोच, आवक क्रमांकासह, घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

ज्या नकाशाच्या आधारे तुमची नोंद नाकारली, तो पाहण्याचा हक्क माहिती अधिकार अधिनियम, 2005 देतो. अर्ज एकाच विषयाचा, साधारण 150 शब्दांत असावा. शुल्क 10 रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. प्रतिमेचा दिनांक, उपग्रहाचे नाव आणि प्रत्यक्ष पडताळणी झालेल्या गटांची यादी मागावी. उत्तर 30 दिवसांत न आल्यास प्रथम अपील करता येते.

आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नाव नोंदवताना चालू हंगामाची पीकनोंद असलेला सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक लागते. जिल्ह्यात भात हे विम्यासाठी अधिसूचित पीक असेल, तर विमा अर्जातील पीक आणि ई-पीक पाहणीतील पीक एकच असल्याची खात्री करावी. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास 2025 च्या खरिपापूर्वी 72 तासांच्या आत पूर्वसूचना द्यावी लागे. विम्यासाठी काढलेल्या छायाचित्रातही बांध नव्हे, साळच दिसली पाहिजे.