फोटो नको, रीत पाठवा

चाळीस जणांच्या वर्गाला एकच फोटो दिला आणि रंग-उजेड सुधारून आणायला सांगितलं, तर शिक्षकाकडे किती डेटा जमा होईल? २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदू. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा यांचा एकेक बाइट धरला की झाले ७२ एमबी. फोटोशॉपमध्ये हात लावण्याआधी मुलं मूळ लेअरची (एकावर एक ठेवलेल्या चित्रांच्या थरांपैकी एकाची) कॉपी काढतात (तसं शिकवलेलंच असतं), मग तिचीही कॉपी. असे चार लेअर, शिवाय 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय चालू असेल तर सगळे मिळून दिसणारं एक सपाट चित्र. एकूण ३६० एमबी. फोटोशॉपची पीएसडी फाइल हे थोडं दाबून ठेवते, पण ते शेजारशेजारचे सारखे आकडे एकत्र मोजून. खऱ्या फोटोत निरभ्र आकाशसुद्धा बारीक दाण्यामुळे बिंदूगणिक बदलतं, म्हणून वाचतं फारसं नाही. चाळीस जणांचे १४ जीबी. गूगलच्या फुकट खात्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून जागा १५ जीबी. एका गृहपाठात खातं भरलं.

मग जेपीईजी मागवावा, असं कुणीही सुचवेल. १९९२ साली ठरलेलं हे मानक फोटोचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला न जाणवणारे सूक्ष्म चढउतार टाकून देतं. त्यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म, बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी अमेरिकेत अहमद यांना या कामासाठी अनुदान नाकारलं गेलं होतं; एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली होती!

जेपीईजीने जागा वाचते, पण शिकवणाऱ्याची पंचाईत होते. सावल्या निळसर दिसतात, हे कळतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चुकला की कर्व्ह (उजेड-रंग कमीजास्त करणारी वक्ररेषा) ओढताना गडबड झाली, हे कळत नाही. गणिताच्या पेपरात उत्तराबरोबर रीतीलाही गुण असतात, आणि इथे तर रीतच तपासायची असते.

ती वेगळी मिळू शकते. डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर मूळ फोटोच्या बिंदूंना हातच लावत नाही. एक्सपोजर (उजेड) किती वाढवलं, कुठली पायरी कशानंतर केली, एवढंच ते शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि फोटो उघडताना ते बदल नव्याने करून दाखवतं. बदल फोटोच्या कुठल्या भागात करायचा हे ठरवणारा, हाताने आखलेला मास्कसुद्धा रेषेच्या निर्देशांकांच्या रूपात राहतो. अशी फाइल साधारण काही किलोबाइटची. मूळ फोटो सगळ्यांचा एकच, तो शिक्षकाकडे आहेच; मग चाळीसदा परत कशाला मागवायचा?

यातली मला सर्वात आवडणारी सोय नावात आहे. मूळ फाइलच्या नावानंतर, पण तिच्या एक्स्टेन्शनच्या आधी, _०७ असा दोन अंकी आकडा असलेली एक्सएमपी फाइल डार्कटेबल त्याच फोटोची वेगळी आवृत्ती मानतं. (आकडे मात्र इंग्रजीच टाकायचे.) तिथे हजेरी क्रमांक घालायला सांगा, सगळ्या फाइली मूळ फोटोच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डर इम्पोर्ट करा. सगळा वर्ग एका पडद्यावर ओळीने दिसतो आणि कुणाच्याही पायऱ्या एकेक करून मागे नेता येतात. अट एकच, सगळ्यांकडे सॉफ्टवेअरची आवृत्ती सारखी हवी. नव्या आवृत्तीत केलेलं काम जुनीला नीट वाचता येत नाही.

अनेक फोटो जोडून केलेल्या कामाला मात्र हा उपाय पुरत नाही. तिथे लेअर लागतातच. अशा वेळी पीएसडी विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर राहू दे. शिक्षकाने लांब बाजू २०४८ बिंदूंची असलेला जेपीईजी आणि लेअर पॅनेलचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि शंका आली तर वर्गातच फाइल उघडायला सांगावी. जेपीईजी व्हॉट्सअ‍ॅपवरून येणार असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला लावा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा दाबतं, आणि डाग विद्यार्थ्याने पाडला की अ‍ॅपने, यावर वाद घालत बसावं लागतं.