बेडकाचे जंत आपल्या पोटात?

पावसाळा लागला की ग्रुपवर मेसेज फिरतोच: ‘बेडकाला शिवू नका, त्याचे जंत पोटात जातात.’ मग सिंहगड रोडच्या आमच्या पार्किंगमध्ये पोरं झाडू घेऊन बेडकामागे.

बेडकाला जंत असतात, हे खरंच. ऱ्हॅब्डियास हा सुतासारखा जंत त्याच्या फुफ्फुसात राहून रक्त पितो. अंडी घशात येतात, बेडूक ती गिळतो, विष्ठेवाटे पिल्लं ओल्या मातीत पडतात आणि पुन्हा बेडकाचीच कातडी भेदतात. माणसात हा जंत वाढत नाही. आपला गोल जंत वेगळा, ॲस्कॅरिस. त्याची अंडी माणसाच्याच विष्ठेतून मातीत, तिथून न धुतलेल्या कोथिंबिरीवरून तोंडात. शंका असेल तर लॅबमध्ये शौचाची तपासणी करा. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी ओळखू येतात.

बेडूक उचललात तर हात साबणाने धुवा. खरबरीत बेडकाच्या कातडीचा चीक डोळ्यांत भयंकर झोंबतो.