डागाखाली काय असतं?

परवा खडेबाजारातल्या एका स्टुडिओत पासपोर्ट साइजच्या प्रती न्यायला गेलो होतो. तुळशीचं लग्न झालेलं, त्यामुळं बायोडाटाचे फोटो काढून घेणाऱ्यांची रीघ लागलेली. माझ्या पुढं खानापूरकडच्या मायलेकी होत्या. पडद्यावर मुलीचा चेहरा मोठा करून स्टुडिओतला पोरगा गालावरचे मुरमांचे डाग एकेक टिपत होता. माउसची टिचकी पडली की डाग गायब. आई बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बरं हाय की ओ हे. डाग काढला की खालचं खरं कातडं दिसतंय."

हाच समज मी चांगल्या शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकलाय. भिंतीचा रंग खरवडला की आतला चुना दिसतो, तसं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं. पण डिजिटल फोटोला आतबाहेर नसतं. तिथं नुसते आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. डागाच्या जागचे आकडे म्हणजे डागच. ते काढले तर तिथं भोक उरतं, आणि त्या भोकात काय भरायचं हा खरा प्रश्न.

या स्टुडिओच्या मालकांचे वडील काचेच्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं हेच काम करायचे. निगेटिव्हमध्ये उलटं असतं: चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पारदर्शक दिसतो. तेवढ्याच जागी पेन्सिलीनं हलक्या हातानं भर घातली की तिथून प्रकाश कमी जातो आणि कागदावर डाग फिका उमटतो. म्हणजे तेव्हाही डाग कुणी पुसत नव्हतं, भरतच होतं.

संगणकावर आधी आला क्लोन स्टॅम्प. कपाळावरचा चांगला तुकडा उचलायचा आणि गालावर चिकटवायचा. पण कपाळावर उजेड जास्त, गालावर कमी, त्यामुळं नव्या पँटला ठिगळ मारल्यासारखं दिसायचं. फोटोशॉपच्या ७.० या आवृत्तीत २००२ साली हीलिंग ब्रश आला आणि हे ठिगळ दिसेनासं झालं. पुढच्याच वर्षी पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक या तिघा संशोधकांनी असल्या बेमालूम जोडकामाचं फार देखणं गणित एका शोधनिबंधात मांडलं. ब्रशमधलं गणित आणि यांचं गणित तंतोतंत एक नाही, पण कूळ एकच. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, तेव्हा इथं जरा बसू.

सोयीसाठी तीन रंगांऐवजी फक्त उजेडाचा एकच आकडा धरा. गालावर डागाच्या डाव्या कडेला उजेड १८०, उजव्या कडेला १४०, कारण दिवा डावीकडं आहे. कपाळावरून उचललेला तुकडा कडेनं सगळीकडं २००. आता कडेकडेनं फरक काढा: डावीकडं २० जास्त, उजवीकडं ६० जास्त. म्हणजे तुकड्यातून डावीकडं २० वजा करायचे, उजवीकडं ६०, आणि मधोमध साधारण ४०. मधल्या भागात कपाळावरचं एक छिद्र १९४ होतं, ते १५४ झालं. शेजारचा चमकणारा ठिपका २०५ होता, तो १६५ झाला. दोघांतला ११ चा फरक मात्र जसाच्या तसा राहिला. कातडीचा पोत कपाळाचा, उजेड गालाचा!

पण "मधोमध साधारण ४०" हे ठरवायचं कसं? डाग काही रेघ नसतो, तो वेडावाकडा गोल असतो आणि त्याच्या कडेला शेकडो ठिपके असतात. इथं लग्नाचा मांडव आठवा. डागाच्या कडेवर जिथं जास्त वजा करायचं तिथला वेळू तेवढा ठेंगणा, असे कमीजास्त उंचीचे वेळू गोल रोवायचे आणि त्यांवर कापड चहूबाजूंनी ताणून बांधायचं. कडेची उंची वेळू ठरवतात, मधली उंची कापड आपली आपण ठरवतं. ताणलेल्या कापडाला मध्येच टेंगूळ येत नाही की खड्डा पडत नाही. त्याची खूण अशी की प्रत्येक जागची उंची ही वर, खाली, डावीकडं, उजवीकडं अशा चार शेजाऱ्यांच्या उंचीची सरासरी असते. हेच लाप्लास (१७४९–१८२७) या फ्रेंच गणितज्ञाचं समीकरण. तव्याच्या कडेचं तापमान बांधून दिलं तर मधल्या भागाची उष्णता शेवटी जशी स्थिरावते, तिथंही हेच. पोताचे फरक समीकरणाच्या उजव्या बाजूला मांडले की त्याचं प्वासाँचं (१७८१–१८४०) समीकरण होतं. पन्नास बाय पन्नास ठिपक्यांचा डाग म्हणजे २,५०० अज्ञातं आणि २,५०० समीकरणं. ती सोडवायची एक भोळी रीत आहे: आतले सगळे आकडे शून्य धरा, प्रत्येकाच्या जागी चार शेजाऱ्यांची सरासरी लिहा, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच करत राहा. ब्रशला याहून चलाख रीती ठाऊक असतात, म्हणून टिचकीसरशी काम होतं.

यात कुणी ब्रशला हजारो चेहरे दाखवून शिकवलेलं नाही. हल्ली मोबाइलच्या जाहिरातीत ज्याला त्याला एआय म्हणायची साथ आलीय, म्हणून सांगितलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शिकवलेली साधनंही आहेत, पण तो वेगळा विषय.

एवढ्यात पोरगा अडला. कानाजवळचा एक डाग टिपला तर तिथं काळपट ढग पसरला. पुन्हा टिपला, पुन्हा ढग. "असंच होतंय बगा सर केसाजवळ," तो म्हणाला. का होतं ते मांडवच सांगतो. ब्रशची कड केसांवर गेली होती. केसांचा उजेड ३०, म्हणजे तिथला फरक एकदम १७०. एक वेळू गुडघ्याएवढा निघाला तर सगळं कापड त्या बाजूला झोळ धरणारच. मी त्याला म्हटलं, नुसती कातडी सिलेक्ट कर, ब्रश केसांवर जायलाच नको. त्यानं केलं. ढग गेला.

शेवटी उरला डाव्या डोळ्याखालचा तीळ. आई म्हणाली, तो आधी काढा, डोळ्याखालचा तीळ माणसाला रडवतो. तीळ म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा पुंजका, त्याला आसवांशी काय देणंघेणं, असं मी सांगायला लागलो होतो. पोराचा ब्रश तिळावर येऊन थांबला होता.

"राहू दे त्यो," मुलगी म्हणाली. "आधारवरच्या फोटोत हाय. उद्या बघायला आलेला पोरगाच इचारंल, ही कोण दुसरी म्हणून."