वेगवान गोलंदाजी प्रबोधिनी (बडोदे)

वेगवान गोलंदाजी प्रबोधिनी : वाढत्या वयातील जलद व मध्यमगती गोलंदाजांना धाव, उडी, चेंडू सोडण्याची क्रिया आणि शरीराची जपणूक यांचे स्वतंत्र शिक्षण देणारी संस्था, किंवा मोठ्या क्रिकेट वर्गातील तशी शाखा. नेहमीच्या वर्गात गोलंदाज हा फलंदाजांच्या सरावासाठी नेटमध्ये राबत असतो आणि चेंडू किती पडले हे कोणी मोजत नाही. प्रबोधिनीत मोजले जातात ते गोलंदाजाचेच चेंडू. खरा भेद एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

भारतात या कल्पनेला ठोस रूप आले ते मद्रासमध्ये (आताचे चेन्नई) १९८७ साली सुरू झालेल्या एमआरएफ पेस फाउंडेशनमुळे. ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिली व भारताचे टी. ए. शेखर यांनी ती घडवली. २०१२ पासून ग्लेन मॅग्रा तेथे मार्गदर्शन करू लागले. बडोद्यात अशा स्वतंत्र शिक्षणाची सुरुवात कधी मानावी याबद्दल मतभेद आहेत. काहीजण ती भारताचे माजी कर्णधार विजय हजारे यांच्यापर्यंत मागे नेतात. मूळचे सांगलीचे हजारे बडोदे संस्थानच्या आश्रयाने येथे आले आणि बडोदेकरच झाले. ते उपयुक्त मध्यमगती गोलंदाज होते हे खरे, पण त्यांच्या काळी मोतीबाग मैदानावर गोलंदाजी शिकणे म्हणजे थोरल्यांचे पाहून टाकणे. त्याला शिक्षणपद्धती म्हणणे ओढूनताणून होईल. एकेका मुलाला हाताशी धरून शिकवण्याची रीत नंतरची. बडोद्याचे जुने कसोटीपटू दत्ताजीराव गायकवाड यांच्याकडे शिकलेला इरफान पठाण हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण.

बडोद्याने डावखुरे वेगवान गोलंदाज बरेच दिले. रशीद पटेल, झहीर खान, इरफान पठाण आणि लुकमान मेरीवाला ही नावे एका ओळीत घेऊन ‘बडोदा घराणे’ असल्याचे सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. झहीर श्रीरामपूरचा, मुंबई व चेन्नईत तयार होऊन तो बडोद्याकडून रणजी खेळू लागला आणि २०००–०१ च्या विजेतेपदात त्याचा वाटा मोठा होता. इरफान मात्र येथल्याच मैदानावर वाढला, पण पुढे त्यालाही चेन्नईच्या शिक्षणाचा लाभ झाला. हार्दिक पंड्या तर लेगस्पिनर म्हणून सुरुवात करून नंतर वेगाकडे वळला. या सगळ्यांची घडण एका साच्यातली नाही. लहान संघात डावखुऱ्याला लवकर संधी मिळते, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

शिक्षणाचा आरंभ धाव (रन-अप) बांधण्यापासून होतो. मुलाला क्रीजवर उभे करून खेळपट्टीच्या उलट दिशेने पळायला सांगतात आणि जिथे तो सहज उडी घेईल तिथे खूण करतात. सहा-आठ वेळा हे करून खुणांचा मध्य धरायचा, अंतर फितीने मोजायचे आणि वहीत लिहायचे. पावलांनी मोजलेले अंतर टिकत नाही, कारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाऊलच दर काही महिन्यांनी लांबते. नोबॉल पडू लागले की मुलगा क्रीजकडे पाहत पळतो, शेवटची दोन पावले आखडतात आणि उडीतला जोर जातो. अशा वेळी क्रीजशी झटापट न करता सुरुवातीची खूण एक फूट मागे न्यावी. दोष बहुधा पहिल्या चार पावलांत असतो. रोजचा आरंभ एकसारखा नसला की शेवट जुळत नाही.

क्रियेचे (ॲक्शन) दोन जुने प्रकार म्हणजे आडवी आणि समोरची. आडव्या क्रियेत मागचा पाय क्रीजला समांतर पडतो आणि खांदे फलंदाजाच्या रेषेत येतात. समोरच्या क्रियेत पायाची बोटे आणि छाती, दोन्ही फलंदाजाकडे असतात. कंबर एका प्रकारची आणि खांदे दुसऱ्या प्रकारचे असले की क्रिया ‘मिश्र’ होते. ऑस्ट्रेलियातील १९८० नंतरच्या संशोधनाने कंबरेच्या मणक्यातील ताणभंगाचा (स्ट्रेस फ्रॅक्चर) दोष मुख्यतः मिश्र क्रियेला, म्हणजे मागचा पाय टेकल्यावर खांदे उलट फिरण्याला दिला. हे फिरणे साधारण ३० अंशांच्या वर गेले की प्रशिक्षक सावध होत. पुढच्या अभ्यासांनी दाखवले की पुढचा पाय आदळताना धड मागे वाकणे आणि चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला कलणे हे सर्वच प्रकारांत घडते आणि मणक्यावरचा भार तिथे सर्वाधिक असतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा भंग बहुतेक वेळा डाव्या बाजूला, पाचव्या किंवा चौथ्या कटिमणक्यात सापडतो, ही गोष्ट दुसऱ्या मताला बळ देते. खांदे बांधून ठेवण्यापेक्षा मागच्या पायाचे वळण, नितंबाची ताकद आणि धडाचा कल यांकडे लक्ष देणे आज अधिक योग्य मानले जाते. जुने मत पूर्णपणे टाकून द्यावे असे मात्र नाही.

क्रिया पाहायला मोबाइल पुरतो, पण वेग निवडावा लागतो. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जातो. सेकंदाला ३० चित्रांच्या साध्या चित्रणात तेवढ्या वेळाची तीनच चित्रे मिळतात, २४० च्या संथ चित्रणात चोवीस. कॅमेरा क्रीजच्या रेषेत, कंबरेच्या उंचीवर, तिपाईवर ठेवावा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या तिरक्या चित्रावरून कोपर वाकल्याचा निष्कर्ष काढू नये. नियमात १५ अंशांपर्यंत कोपर सरळ होण्यास मुभा आहे आणि ते डोळ्यांनी किंवा एका कॅमेऱ्याने ठरत नाही. यावरून कोवळ्या मुलावर ‘फेकी’चा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

पुढच्या पायावर प्रत्येक चेंडूला शरीरभाराच्या पाच ते नऊ पट आघात येतो, म्हणून मोजणी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या मर्यादा सोयीच्या आहेत : तेरा वर्षांपर्यंत सलग ५ व दिवसात १० षटके, चौदा-पंधराला ६ व १२, सोळा-सतराला ७ व १८. सलग षटकांचा एक हप्ता (स्पेल) संपल्यावर त्याच बाजूने तेवढीच षटके पडेपर्यंत विश्रांती. बडोद्यात गणित बिघडते ते तीन वह्यांमुळे : वर्गाचे चेंडू एकाकडे, शाळेचे दुसऱ्याकडे आणि सोसायटीतल्या टेनिस चेंडूचे कोणाकडेच नाहीत. टेनिस चेंडू हलका असल्याने हात अधिक जोरात झटकला जातो. कंबरेला तो हलका नसतो. सराव सुरू होण्यापूर्वी ‘हात मोकळा करायला’ टाकलेले चेंडूही मोजावेत. उन्हाळी सुटीत, पारा चाळिशीच्या वर असताना, परीक्षेनंतर थेट रोज दोन वेळचे शिबिर लावणे ही इथली जुनी चूक आहे. एकदम वाढलेला भारच हाडाला मारक ठरतो. मागे वाकताना एका बाजूला दुखते असे मुलगा म्हणाला तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एमआरआयमध्ये भंग होण्याआधीची सूजही दिसते. भंग झालाच तर काही महिने जातात, अनेकदा सहाहून अधिक.

बडोद्याला आखाड्यांची परंपरा आहे. प्रोफेसर माणिकराव यांच्यामुळे नावारूपाला आलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर आजही ओळखीचे आहे आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातील मराठी घरांत दंड-बैठकांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बैठका गोलंदाजाला उत्तम, विशेषतः एका पायावरच्या. दंडांबाबत मात्र विचार करावा : त्यांत कंबर मागे वाकते, म्हणून पाठ दुखणाऱ्या मुलाने ते बंद ठेवावेत. आजोबांना हे पटवून देणे हा प्रशिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

शिवण सरळ ठेवण्याचा सराव घरीही होतो. चेंडूच्या एका अर्ध्याला पांढरी चिकटपट्टी लावून तो वर उडवावा. दोन रंग स्वच्छ वेगळे दिसले तर मनगट मागून सरळ आले, डगमगले तर बोट कडेवरून घसरले. प्रौढ पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम, तर तेरा वर्षांखालील मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅम. मोठा चेंडू लवकर हातात दिल्याने वेग येत नाही, खांदा पडतो.

सोळा वर्षांखालील स्पर्धांसाठी मनगटाच्या क्ष-किरणावरून हाडाचे वय तपासतात. त्याचा उपयोग निवडीपुरताच केला जातो. खरे तर षटकांची मर्यादा ठरवतानाही तो व्हावा, कारण एकाच इयत्तेतल्या दोन मुलांची हाडे दोन वर्षांच्या अंतराने पिकलेली असू शकतात.

मुलींसाठी चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ त्यांच्यात मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो, त्यामुळे त्यांची वही अकराव्या वर्षीच उघडावी लागते.